मागची डावी जागा

सातारच्या एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीतून आकाराम शिंगट्यांनी कागद आत सरकवला. आतल्या कारकुनानं तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत पहिल्यापासून वाचला.

‘विकणे आहे. हिलमन कंपनीची विलायती मोटार, सन १९५१, चार दारी, पिस्ता रंग, संपूर्ण दुरुस्त, चालू स्थितीत. दोष : चढाला तापते. पुढच्या उजव्या दाराची काच अर्धीच खाली जाते. हॉर्न घोगरा आहे. वळताना दाराच्या खांबातून सिग्नलचा जो हात बाहेर येतो तो कधी कधी आत जायला विसरतो. पाहून आणि ऐकून घेणे.’

“काका, ही जाहिरात आहे की तक्रार?”

“खोड सांगून इकायचं. आमच्यात तसंच हाय.”

“अहो, शब्दाला पैसे पडतात. गुण कमी नि दोषच जास्त झालेत.”

“पडूंदेत.”

कारकुनानं मान हलवून पावती फाडली. पण पावती खिशात घालून जिना उतरताना आकारामांचं मन त्यांना खात होतं. गाडीची एक खोड कागदावर आलीच नव्हती. लपवली होती असं नाही. तिला काय म्हणायचं, तेच त्यांना कळत नव्हतं.

आकाराम मूळचे मेढ्याकडच्या डोंगरातले. बावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात ट्रका दुरुस्त करून हवालदार म्हणून परतले, पण सारं गाव त्यांना मेजर म्हणायचं. आमच्या जिल्ह्यात फौजेतनं परतलेल्या माणसाला मेजरच्या खालचा हुद्दा द्यायची लोकांना लाज वाटते. आपणही मेजरच म्हणू. वाढे फाट्याजवळ हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं गाडी नीट व्हायला वेळ लागायचा, पण नीट झालेली गाडी परत यायची नाही. त्यामुळे धंदा बेताचा आणि नाव मोठं.

खोड सांगायचं व्रत मात्र मोटारीचं नव्हतं, बैलाचं होतं. मेजर आठ-नऊ वर्षांचे असताना वडलांनी एक देखणा खिल्लारी बैल बाजारात विकला. तो चढाला मधेच बसायचा, आणि हे सांगायचं वडील तेवढं विसरले. घाटात बैल बसला, भरली गाडी मागं आली आणि घेणाऱ्याचा पाय गेला. पुढच्या वर्षी तो माणूस कुबडीवर मेढ्याला आला. भांडला नाही, शिवी दिली नाही. ओट्यावर बसून चहा प्याला, गोठ्याकडं बघत बसला आणि गेला. वडलांनी त्यानंतर जन्मात बैल विकला नाही. आणि मेजरांनी साधा जॅक विकला तरी त्याचा कोणता दात झिजलाय ते बोट ठेवून दाखवलं.

ही हिलमन त्यांना सांगलीत मिळाली, गावभागातल्या चिंतामणराव वकिलांच्या मागच्या शेडमध्ये. पंचवीस वर्षं गोवऱ्यांच्या आणि सायकलींच्या संगतीत उभी होती. वकिलांच्या नातवांना तिथं स्कूटरी लावायच्या होत्या, म्हणून भंगाराच्या भावानं गेली. मेजरांनी तिच्यावर तीन वर्षं घालवली. क्रोमियमच्या पट्ट्या कोल्हापुरात चमकवून आणल्या, ब्रेकचे रबर जीपचे तासून बसवले, कुशनचा काथ्या स्वतः पिंजला. आता सत्त्याण्णव सालचा आश्विन लागला होता. हमरस्ता रुंद होणार होता आणि दिवाळीपर्यंत गॅरेजची जागा मोकळी करायची होती. मेजर साठीला आले होते. गॅरेज मिटवून मेढ्याकडं जायचं ठरलं होतं, आणि तिथं घरापर्यंत शेळी जाते, मोटार जात नाही. तेव्हा गाडी जाणं भाग होतं, आणि खोड सांगूनच जाणं भाग होतं. शेवटची गाडी लपवून विकली असती, तर आजवर सांगून विकलेल्या सगळ्या गाड्या फुकट गेल्या असत्या.

तर ती खोड. गाडी मागच्या डाव्या अंगाला दोन बोटं बसायची.

मेजर आधी हसले. मागच्या स्प्रिंगचे पाटे नवीन घातले. गाडी बसली. मग दुसरे पाटे घातले. ती बसली. उजवीकडचे पाटे डावीकडं आणि डावीकडचे उजवीकडं केले, तरी डावीकडंच बसली. जमीन उतरती असेल म्हणून गाडी फिरवून उलट्या तोंडानं लावली. जमीन आपली होती तशीच राहिली आणि गाडी डाव्या अंगालाच कलली. शिवाय मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, काथ्याला रोज एक खळगा पडलेला असायचा. लहानसा, उथळ. मेजर तो रोज थोपटून वर काढायचे.

“मांजर बसत आसंल,” ते स्वतःला म्हणायचे. मांजराच्या वजनानं पाटे बसत नाहीत, हे बावीस वर्षांची नोकरी त्यांच्या कानात सांगायची, पण ते तिकडं लक्ष द्यायचे नाहीत.

एके दिवशी भर दुपारी त्यांची बायको मनुबाई डबा घेऊन आली. बाहेर रॉकेलच्या भट्टीसारखं ऊन. जरा टेकावं म्हणून तिनं गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि यष्टीत चढताना म्हणतात तशी सहज म्हणाली, “सरका की जरा.”

म्हणाली आणि तशीच उभी राहिली. डबा हातात, एक पाय वर.

“कुनाला म्हनलीस?” गाडीखालून मेजरांनी विचारलं.

मनुबाईनं पाय खाली घेतला, दार हळूच लावलं, अंगणातल्या दगडावर जाऊन बसली. “आवं,” ती म्हणाली, “मागं कोन बसलंय?”

“कोन बी न्हाई.”

“मग मी सरका कसं म्हनले?”

मेजर गाडीखालीच पडून राहिले. वर पाटे एकदा बारीक कुरकुरले, बसलेल्या बाईनं पदर सावरून घ्यावा तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, वजन करायचं. मेकॅनिकला भुताचं भय नसतं, पण हिशोबात न बसणाऱ्या वजनाचं असतं. फाट्यापासून मैलावर उसाच्या ट्रका तोलायचा काटा होता. मोसम नसल्यामुळे काटेवाला सिद्धू खिडकीत पाय वर घेऊन बसला होता. मेजरांनी गाडी काट्याच्या लोखंडी पाटावर घेतली, स्वतः उतरले आणि खिडकीशी आले. तांबडे आकडे थरथरले आणि थांबले. एक हजार पाच.

गाडीच्या पुस्तकाप्रमाणं पेट्रोलसकट वजन यायला हवं होतं नऊशे पासष्ट.

“मेजर, वैनींना बी उतरवा की,” सिद्धू म्हणाला.

“आत कोन न्हाई गड्या.”

“आसं कसं? मला डोस्कं दिसलं.” सिद्धूनं खिडकीतून मान काढून बघितलं. “न्हाई व्हय. काचंवर ऊन पडलं आसंल.”

मेजर गाडीकडं चालत गेले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी मागचं डावं दार उघडलं, घसा खाकरला आणि घाटात यष्टीचा कंडक्टर म्हणतो तसं खालच्या आवाजात म्हणाले, “जरा उतरता का? वजन करायचंय.”

आधी काही झालं नाही. मग गाडीचा डावा खांदा हळूहळू वर आला. पाठीमागून सिद्धूचा आवाज आला, “नऊशे नव्वद... नऊशे सत्तर... मेजर, हे काय चाललंय? नऊशे पासष्ट!”

मेजरांच्या शेजारी, हातभर अंतरावर, लोखंडी पाटाच्या कडेला सुक्या मातीवर काहीतरी टेकल्यासारखी बारीक धूळ उडाली. वारा नव्हता. मेजरांना वाटलं, आपण कुणाला तरी उन्हात उभं केलंय. का कोण जाणे, त्यांना त्या वाटण्याची भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. “बसा, बसा,” ते पुटपुटले. गाडी दोन बोटं खाली बसली. त्यांनी दार लावलं.

सिद्धू खिडकीत उभाच होता. तो म्हणाला, “काट्याचं काय खरं न्हाई मेजर. मोसमात हितं टनाटनाचा फरक पडतोय म्हनून लोक बोंबलत्यात. चाळीस किलोचं काय घिऊन बसलाय?” आमच्याकडं काटा खोटा असतो यावर सगळ्यांचा इतका विश्वास आहे, की भूतसुद्धा त्यात खपून जातं. पण सिद्धूनं वजनाचे पैसे घेतले नाहीत, आणि गाडी जाईपर्यंत खिडकी लावून घेतली.

मेजरांनी सांगलीची यष्टी धरली.

चिंतामणराव वकील पंच्याऐंशीचे झाले होते, झोपाळ्यावर बसून ऐकू कमी येतं असं सांगत सगळं ऐकत होते. मेजरांनी नमस्कार केला, गाडी छान झाल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, “वकीलसाहेब, ह्या गाडीत मागं डाव्या बाजूला कोन बसायचं?”

“कोणीही बसायचं. मुलं, पाहुणे, पक्षकार.” म्हाताऱ्यानं पायानं झोपाळ्याला झोका दिला. “अंबूआत्या सोडून कोणीही.”

“त्या कोन?”

“माझी आत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. आलवण, केशवपन, सगळं त्या काळचं. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. एवढीशी होती हो. माझे वडील म्हणायचे, अंबू म्हणजे एक मण, त्यात निम्मं सोवळं.”

एक मण. मेजरांनी मनात वजन केलं आणि झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

“गाडी एक्कावन्न साली आली,” वकील सांगत होते. “तिला एकदाच बसायचं होतं. जन्मभर इथल्या घाटावर कृष्णेत स्नान केलं, तर म्हणायची, चिंतू, ही नदी वाईकडं लहान असते म्हणे. लहानपणी ती कशी दिसते, ते एकदा दाखव. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. प्रत्येक खेपेला ती पहाटे उठून तयार. हातात पिशवी, पिशवीत पंचपात्री. आणि दर खेपेला गाडी भरलेली. भरलेली म्हणजे...” त्यांनी झोपाळा थांबवला. “खरं सांगायचं तर जागा व्हायची. पण शुभकार्याला निघताना गाडीत आलवण नको, असं घरात वाटायचं. मलाही वाटायचं. ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, जा तुम्ही, मी पुढच्या खेपेला येईन. गाडी वळेपर्यंत हात हलवायची. अठरा वर्षं. एकोणसत्तर साली गेली. पुढं एकदोन वर्षांत गाडीही बंद पडली.”

आतून नात चहा घेऊन आली. मेजरांनी कप तसाच खाली ठेवला.

“का हो विचारलंत?” वकिलांनी विचारलं.

मेजरांनी खोटं बोलायचं नाही एवढंच पाळलं होतं. सगळं खरं बोलायचं असं कुठं ठरलं होतं? “गाडी रिकामी झाली न्हवं,” ते म्हणाले, “आता जागा हाय म्हनून.”

म्हातारा झोपाळ्यावरून पुढं वाकला. मग म्हणाला, “वाई तुम्हांला जवळ पडत असेल ना?”

पुढच्या सोमवारी सकाळी मनुबाई नवं लुगडं नेसून गाडीपाशी आली. मागं बसायची तिची छाती नव्हती. ती पुढं बसली आणि मान न वळवता मागं म्हणाली, “बसलासा न्हवं नीट? हे लय जोरात चालवत्यात.” हे म्हणजे मेजर तीसच्या वर कधी जात नसत.

पाचवडला चढाला गाडी तापली नाही. हे मेजरांना काट्याच्या आकड्यांपेक्षाही विचित्र वाटलं. वाई ओलांडून ते मेणवलीच्या घाटावर गेले. तिथं कृष्णा खरंच लहान आहे. परकर-पोलक्यातली नदी. मेजरांनी गाडी पायऱ्यांपाशी लावली, मागचं डावं दार उघडलं आणि बाजूला झाले. गाडीचा डावा खांदा वर आला. दोघं वडाखाली जाऊन बसली. घाटावर एक चिटपाखरू नव्हतं. पाणी अगदी शांत होतं, आणि शेवटच्या पायरीशी, एकाच जागी, त्यावर वर्तुळं उमटत होती. उमटायची, विरायची आणि परत उमटायची. कुणी ओंजळीनं पाणी घेऊन परत सोडावं तशी.

“मासं आसतील,” मेजर म्हणाले.

“आसतील,” मनुबाई म्हणाली. दोघांनीही नदीकडं परत बघितलं नाही.

अर्ध्या तासानं मेजर उठले आणि गाडीपाशी आले. गाडी सरळ उभी होती, दोन्ही अंगं सारखी. काट्यावरचा तेवढा क्षण सोडला, तर तीन वर्षांत तिला असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मनात लख्ख आलं : आता एवढं दार ओढून घ्यायचं, किल्ली फिरवायची आणि निघायचं. बाईंची इच्छा पुरी झाली. गाडी बिनखोडीची झाली. लपवायला काही नाही, सांगायला काही नाही. फलटणच्या एका बागायतदाराचं पत्रही येऊन पडलं होतं. त्यांनी दाराला हात घातला.

“आवं,” वडाखालून मनुबाई म्हणाली, “त्या यायच्यात अजून.”

मेजर थांबले. दार अर्धं पुढं आलं होतं. घाटाच्या पायऱ्या रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या पायऱ्यांवर कुणीतरी लगबगीनं चढून येतंय, उशीर झाला म्हणून धापा टाकतंय, असं त्यांना स्पष्ट वाटलं. अठरा वर्षं जिला दारात सोडून गाडी निघायची, तिला आज घाटावर सोडून जायचं. पुढच्या खेपेला या म्हणायचं.

त्यांनी दार पूर्ण उघडलं. “सावकाश या,” ते मोठ्यानं म्हणाले, “घाई न्हाई.”

गाडी दोन बोटं बसली. मेजरांनी खाली बघितलं. मागच्या रबरी पायपुसण्यावर दोन ओली पावलं उमटली होती. लहान मुलीची वाटावीत एवढी.

फलटणचे उदयसिंह आठवड्यानं आले. तालेवार माणूस, गळ्यात गोफ, जीपमध्ये म्हातारी आई. मार्गशीर्षात मुलीचं लग्न होतं आणि वरातीला विलायती मोटार पाहिजे होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, घोगरा हॉर्न वाजवून लहान पोरासारखे हसले. “झकास! बोला मेजर, कवा न्यायची?”

“खोड सांगायची हाय.”

“वाचल्या की पेपरात. अर्धी काच आन् काय ते.”

“आजून एक हाय.” मेजर सावधानमध्ये उभे राहिले. “मागं डाव्या बाजूला एक बाई बसत्यात. दिसत न्हाईत, पर बसत्यात. चाळीस किलो. विधवा हायती. त्यांना उतरवायचं न्हाई, आन् त्यांना सोडून निघायचं न्हाई. ह्ये कबूल आसंल तर गाडी तुमची.”

उदयसिंह हसले. मग मेजरांचा चेहरा बघून हसायचे थांबले. मग गाडीकडं बघितलं. गाडी दोन बोटं कललेली. काचेवर ऊन होतं, आणि आतल्या बाजूनं एक तळव्याएवढा वाफेचा ठिपका. “मेजर,” ते हळू आवाजात म्हणाले, “लगनाची गाडी हाय ओ. लेकीची. तिच्यात...” पुढचा शब्द त्यांनी गिळला, कारण पाठीमागं त्यांची आई जीपमधून उतरून उभी होती. हरणाबाईंचं कपाळ तीस वर्षं मोकळं होतं.

“काय म्हनत हुता रं उदय? तिच्यात काय?”

“काय न्हाई आई.”

“तुज्या वरातीत मला कुटं बशिवली हुती, ध्येनात हाय का? मागल्या टेंपोत. भांड्यांसंगं.” ती मेजरांकडं वळली. “बोलकी हाय का वो बाई?”

“न्हाई जी. गप असत्यात.”

“मग चालंल. आमच्यात बोलनारी लय हायती, ऐकनारं कोन न्हाई.”

हरणाबाईंनी डाव्या दाराला हात लावला नाही. काठी टेकत त्या गाडीला वळसा घालून उजव्या बाजूनं गेल्या, दार उघडलं आणि वाकून आत म्हणाल्या, “बसा, बसा. उटू नगा. मी हिकडनं येते.” त्या बसल्या आणि गाडीचं उजवं अंग खाली आलं. मेजरांनी सवयीनं वाकून बघितलं. दोन्ही बाजूंना सारखी. पाटे, जमीन, काथ्या, सगळं करून जे झालं नव्हतं, ते शेजारी एक माणूस बसल्यावर झालं होतं.

उदयसिंहांनी रुमालानं घाम पुसला, पैसे मोजून दिले आणि ते मुकाट्यानं पुढं स्टिअरिंगवर बसले. जीप न्यायला नंतर माणूस पाठवतो म्हणाले.

गाडी हमरस्त्याला लागली. वळणावर सिग्नलचा हात बाहेर आला आणि आत जायला विसरला. तो तसाच बाहेर राहिला, लांब जाईपर्यंत, निरोप दिल्यासारखा. मनुबाईनंही नकळत आपला हात वर केला. मागच्या काचेतून हरणाबाईंचं पांढरं डोकं दिसत होतं. आधी ते डावीकडं वळून बोलताना हलत होतं. मग बोलणं थांबलं. डोकं किंचित कललं, कान त्या बाजूला आला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तसंच राहिलं. मधूनमधून हुंकार भरल्यासारखं तेवढं हलायचं.

“गप असत्यात म्हनलासा न्हवं तुमी?” मनुबाई म्हणाली.

मेजरांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “आता ही एक खोड,” ते म्हणाले, “सांगायची ऱ्हायली.”